ईआरपीनेक्स्ट : स्टोअरच्या खिडकीतून

ईआरपी, म्हणजे स्टोअर, खरेदी, प्रॉडक्शन आणि हिशेब एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण एकतर मालक असतात, नाहीतर ती बसवून देणारे. मालकांना स्क्रीनवरचे रंगीत आलेख आवडतात आणि बसवून देणाऱ्यांना पुढचं गिऱ्हाईक हवं असतं. मी या दोन्हींत बसत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये मी स्टोअर आणि परचेस बघते. फौंड्रीतून बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कास्टिंग्ज येतात, आमच्याकडे टर्निंग, बोरिंग, ड्रिलिंग होतं. त्यातला काही माल पावडर कोटिंगला, काही हार्डनिंगला बाहेर जाऊन परत येतो आणि मग पुण्याच्या कंपन्यांना डिस्पॅच होतो. आमच्या ईआरपीवर, म्हणजे ईआरपीनेक्स्टवर, दिवसातला सगळ्यात जास्त वेळ आमच्याकडे मीच असते, म्हणून हे लिहायला घेतलं.

निकाल आधीच सांगते. घ्या, पैसे वसूल होतात. पण घेण्याआधी एंट्री कोण करणार हे ठरवा, आणि त्या माणसाच्या अंगावरचं दुसरं काम काढून घ्या. ते जमणार नसेल तर घेऊ नका, आहे ते बरं आहे.

आमच्याकडे आधी काय होतं ते सांगितल्याशिवाय फरक कळायचा नाही. स्टोअरला रजिस्टर आणि बिन कार्ड (कप्प्यात किती माल आहे ते लिहायचं कार्ड), परचेसला एक्सेल, अकाउंटला टॅली, प्रॉडक्शनला सुपरवायझरची डायरी. यातलं एकही चुकीचं नव्हतं, आणि तरी कशाचा कशाशी मेळ बसायचा नाही. माल आला की मी रजिस्टरला लिहायचे, बिल येईपर्यंत अकाउंटला त्याचा पत्ता नसायचा. फौंड्रीवाल्याचा पेमेंटसाठी फोन आला की अकाउंटचा माणूस माझ्या खिडकीशी येऊन उभा, "मॅडम, मागच्या आठवड्यातलं चलन बघा की जरा." चलन म्हणजे मालासोबत येणारा-जाणारा कागद. 2019 ला आणि 2021 ला पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तेव्हा तर मी कोल्हापुरात आणि रजिस्टर कारखान्यात. पुण्याहून विचारणा, माल किती तयार आहे? उत्तर देणार कोण?

मग 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, बंधनकारक झालं. धाकट्या साहेबांनी ते निमित्त धरलं. बिलासाठी काहीतरी नवं करायचंच आहे तर सगळंच एका जागी करू, असं ठरलं.

ईआरपीनेक्स्टच का? एकतर ते मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं. तिच्या संस्थापकांनी, म्हणजे रुषभ मेहतांनी, घरच्या फर्निचरच्या धंद्याला ईआरपी बसवण्याच्या खटपटीतून याला हात घातला, आणि ते वापरताना कळतं. स्टोअर म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसाने बनवलंय असं वाटतं. दुसरं म्हणजे ते मुक्त स्रोत (ओपन सोर्स) आहे, जीपीएल परवान्याखाली, म्हणजे त्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला. लायसन्सचे पैसे नाहीत, आणि माणसामागे पैसे हा प्रकारही नाही. त्यामुळे गेटवरच्या वॉचमनला, क्वालिटीच्या पोराला, शिफ्ट सुपरवायझरला, प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन देता आलं. माणसामागे पैसे मोजायचे असते तर साहेबांनी तीन लॉगिन घेऊन सगळ्या कारखान्याला त्यावर बसवलं असतं, आणि मग कोणी काय केलं याचा पत्ताच लागला नसता. तिसरं कारण मागच्या अनुभवाचं. पूर्वी एक तयार सॉफ्टवेअर घेतलं होतं, नाव घेत नाही. ते सोडताना आमचाच डेटा आम्हाला द्यायला त्यांनी वेगळे पैसे मागितले. इथे रोजचा बॅकअप आम्ही उतरवून घेतो, आमच्या कपाटात ठेवतो.

फुकट म्हणजे फुकट नव्हे, हेही सांगायला पाहिजे. सर्व्हरचं भाडं आहे, बसवून देणाऱ्याची फी आहे, आणि सगळ्यात महाग म्हणजे आपल्या माणसांचा वेळ. जुन्या याद्या साफ करण्यातच आमची दमछाक झाली. सीएनएमजी 120408 हा एकच इन्सर्ट (मशिनच्या टूलला लावायचं कापायचं टोक) आमच्या एक्सेलमध्ये कितीतरी नावांनी होता. कोणी नुसतं "टर्निंग इन्सर्ट" लिहिलेलं, कोणी कंपनीच्या नावाने, कोणी "80 डिग्रीवाला". एका नावाने स्टॉक शून्य म्हणून ऑर्डर जायची, दुसऱ्या नावाने तोच माल कपाटात पडून असायचा. हे साफ करणं कुठल्याच सॉफ्टवेअरच्या हातात नाही. पण केल्यावर एक वस्तू एकच कोड झाली, आणि टूलिंगचा खर्च पहिल्यांदा खरा दिसला.

आता कामाचं. एक लॉट घेऊन सांगते.

हाउसिंगचं कास्टिंग आम्ही फौंड्रीकडून किलोच्या दराने घेतो, पण मशिनवर ते नगाने चढतं. हा आमच्या भागातल्या सगळ्या मशिन शॉपचा जुना ताप आहे. टेम्पो येतो, वजनकाट्याची पावती 2,976 किलो, मोजून 240 नग. म्हणजे नगाला 12.4 किलो. पुढचा लॉट त्याच 240 नगांचा, पण वजन 3,048 किलो. म्हणजे 12.7. रजिस्टरला मी "240 नग" लिहायचे आणि अकाउंटला बिल किलोत जायचं. दोघांचंही बरोबर, आणि मधला फरक कुणाच्याच वहीत नाही. ईआरपीनेक्स्टमध्ये खरेदीचं एकक वेगळं आणि साठ्याचं एकक वेगळं ठेवता येतं, दोघांत एक गुणक असतो. एका माल-पावतीवर किलोही दिसतात, नगही. दोन लॉट शेजारी शेजारी ठेवल्यावर धाकटे साहेब म्हणाले, "हे 72 किलो कशाचे?" कशाचे म्हणजे काय, फौंड्रीच्या पॅटर्नवर जास्त चढलेल्या मालाचे. ते आपण कास्टिंगच्या भावाने विकत घ्यायचं, त्यावर इन्सर्ट झिजवायचा, मशिनचा वेळ घालवायचा, आणि बोरिंग करून भंगाराच्या भावाने विकायचं. ही गोष्ट मशिनवरच्या ऑपरेटरला माहीत होती. "मॅडम, ह्या लॉटला एक कट जास्त लागतोय" असं तो सांगायचा. पण ते कागदावर कुठे येत नव्हतं. फौंड्रीला दाखवायला आता कागद आहे.

यात एक खोच आहे, ती डेमोमध्ये कोणी दाखवत नाही. गुणक दर लॉटला बदलतो आणि तो दशांशात असतो. 12.4 किलोच्या नगाला, किलोला 0.0806 नग असं टाकलं की 240 ऐवजी 239.87 नग येतात. नग हे एकक अख्ख्या आकड्यातच चालावं असं सेट केलेलं असलं की सिस्टीम पावती अडवते. अडवते ते बरोबरच आहे, पाऊण कास्टिंग कधी कुणी बघितलंय? पण टेम्पोवाला हॉर्न वाजवत असताना आठ दशांश स्थळं मोजत बसता येत नाही. आमच्या ऑफिसातल्या पोराने फॉर्मला दोन रकाने जादा केले. एकात काट्याचं वजन, एकात मोजलेले नग, गुणक त्याचा तो निघतो. असे रकाने वाढवायला कंपनीकडे जावं लागत नाही, हे मला या सॉफ्टवेअरचं मोठं बळ वाटतं.

पावती सबमिट केली की त्याच क्षणी खात्यातही नोंद पडते. माल आला, बिल यायचंय, असं वेगळं खातंच आहे. अकाउंटचा माणूस आता माझ्या खिडकीशी येत नाही. थोडं चुकल्याचुकल्यासारखं होतं, पण चालायचंच.

प्रत्येक लॉटला बॅच नंबर देता येतो. आम्ही फौंड्रीचा हीट नंबरच, म्हणजे भट्टीतल्या एका ओताचा नंबर, बॅच म्हणून वापरतो. याचा उपयोग ब्लो होल निघाल्यावर होतो. बीडाच्या कामात दोष बाहेरून दिसत नाही. बोअर केल्यावर आत भोक उघडं पडतं, म्हणजे तोवर आपली मजुरी घालून झालेली असते. फौंड्रीचा माणूस यायचा, नग हातात घेऊन उलटासुलटा करायचा आणि म्हणायचा, "हे आमचं न्हाई." आमच्याकडे एकाच नगाला दोन फौंड्र्या, त्यामुळे त्याला तसं म्हणायला जागाही होती. आता नगावरचा हीट नंबर टाकला की कुठल्या पावतीने आला, त्यातले किती मशिनवर गेले, किती नापास, किती पुण्याला पोचले, सगळं एका पानावर. परवा तो आला, पान बघितलं, आणि सरळ "चहा सांगा" म्हणाला. परतीची नोंद मूळ पावतीला धरूनच होते, त्यामुळे डेबिट नोट कुठल्या मालाची, हा वादही संपला. मशिनिंगची मजुरी कुणी सोसायची, हे भांडण मात्र आहे तिथेच आहे. ते सॉफ्टवेअर सोडवणार नाही.

माझ्या मते ईआरपीनेक्स्टचा सगळ्यात उपयोगी भाग जॉबवर्कचा, म्हणजे आपला माल बाहेर पाठवून काम करून आणण्याचा. व्हर्जन 14 पासून त्याला स्वतंत्र ऑर्डर आणि स्वतंत्र पावती आहे. कल्पना सोपी आहे, पावडर कोटिंगवाला म्हणजे आपलंच एक गोडाऊन. चलनावर माल गेला तरी आपल्या साठ्यातून जात नाही, नुसती जागा बदलतो. कुठल्याही क्षणी विचारा, कोटिंगला किती, हार्डनिंगला किती, किती दिवसांपासून. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरतात. पूर्वी आयटीसी-04, म्हणजे जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा जीएसटीचा फॉर्म, भरायची वेळ आली की चलन बुकं पसरून आम्ही दोघी जणी जमिनीवर बसायचो. गेलं किती, आलं किती, आणि नगांचा फरक निघाला की कोटिंगवाल्याला फोन. तो म्हणणार, "ताई, तुमचं सगळं पाठवलंय." आता त्याच्या नावापुढचा आकडा दर आठवड्याला त्याला व्हॉट्सॲपवर जातो. वाद होतो, पण चार नगांचा होतो आणि त्याच आठवड्यात मिटतो.

उलट दिशेचा मालही यात बसतो. काही गिऱ्हाइकं कास्टिंग स्वतः पाठवतात, आम्ही नुसती मजुरी घेतो. ती वस्तू गिऱ्हाइकाची म्हणून नोंदवता येते. मग ती मोजता येते, पण आपल्या मालमत्तेत तिची किंमत धरली जात नाही. स्टॉक स्टेटमेंट बँकेला देताना याचं महत्त्व कळतं.

आता जिथे खरी परीक्षा होते तिथे येते. सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला उणे साठा बंद असतो. म्हणजे सिस्टीममध्ये माल नसेल तर बिल निघत नाही. एके दिवशी संध्याकाळी पुण्याचा टेम्पो लागलेला, ट्रॉलीत 300 हाउसिंग पुसून, तेल लावून, पॅक करून तयार, आणि स्क्रीनवर तयार माल शून्य. कारण दुपारच्या शिफ्टचं प्रॉडक्शन कोणी चढवलंच नव्हतं. सुपरवायझर म्हणतो, "मॅडम, माल डोळ्यासमोर आहे की." मोठे साहेब खाली आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की सेटिंगमध्ये एक चौकोन आहे, त्यावर टिक केली की उणे साठा चालतो. "करा टिक, गाडी जाऊ दे."

मी म्हटलं, साहेब, आज टिक केली तर ती परत कोणी काढणार नाही.

हे मी भांडायच्या सुरात बोलले असं घरी जाताना वाटलं, पण म्हणणं आजही तेच आहे. उणे साठा चालू केला की प्रॉडक्शन चढवायची घाई कुणालाच राहत नाही. आज 300 उणे, उद्या 500, महिनाअखेरीला कुठला आकडा खरा हे देव जाणे. मग कास्टिंगचा साठाही फुगलेला दिसतो, कारण त्यातून काही वजाच झालेलं नाही. परचेसला वाटतं माल भरपूर आहे, ऑर्डर जात नाही, आणि एके सकाळी मशिन मोकळं उभं राहतं. एका जागी चुकलं की चार जागी चुकतं, हा अशा जोडलेल्या सिस्टीमचा गुण म्हणा, अवगुण म्हणा. वेगवेगळ्या वह्या असताना निदान एकीची चूक दुसरीत जात नव्हती.

त्या दिवशी सुपरवायझरला तिथेच बसवून एंट्री करून घेतली, टेम्पो उशिरा निघाला. पण नंतर धाकट्या साहेबांनी जे केलं ते कुठल्याही फीचरपेक्षा मोलाचं. शिफ्ट संपायच्या आधी सुपरवायझरने मशिनवरून निघायचं, खाली येऊन प्रॉडक्शन आणि रिजेक्शन चढवायचं, आणि त्या वेळात लाइन बघायला दुसरा माणूस. म्हणजे पगारात वाढ झालीच. ईआरपीच्या कोटेशनमध्ये हा आकडा नसतो.

सबमिट केलेली नोंद खोडता येत नाही, रद्द करून सुधारित काढावी लागते, आणि तिच्या नंबरपुढे -1 लागतं. पहिले काही आठवडे आमच्याकडे -1, -2 चा पाऊस होता. जुन्या लोकांना हे जाचक वाटतं, मला आवडतं. रजिस्टरला व्हाइटनर लावलेला असायचा, त्याखाली काय होतं ते कुणाला कळायचं? कंपनी कायद्यानेही एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला बदलांची नोंद ठेवणं सक्तीचं केलंय, तेव्हा आज ना उद्या हे सगळीकडे येणारच. मागच्या तारखेची एंट्री करता येते, पण केली की त्या तारखेपासून पुढच्या सगळ्या किमती सिस्टीम नव्याने मांडते. मोठा बदल असेल तर त्याला वेळ लागतो. आम्ही महिना संपल्यावर थोड्या दिवसांनी तारीख गोठवतो, त्यामागे फक्त धाकट्या साहेबांना जाता येतं. मोठ्या साहेबांना तो अधिकार मुद्दाम दिलेला नाही. त्यांना अजून माहीत नाही असं आम्ही धरून चालतो.

बसवून देणाऱ्यांबद्दल मात्र चांगलं लिहिता येत नाही. नाव देत नाही. शिकवलं ते नमुन्याच्या डेटावर, ज्यात एक कंपनी लॅपटॉप विकत होती. आमच्या सुपरवायझरला लॅपटॉपची खरेदी-विक्री शिकवून काय उपयोग? सुरुवातीचा साठा त्यांनी ताळेबंदातून उचलून चढवला, मोजून नाही. शेवटी दोन सुट्ट्या घालवून आम्ही सगळं शॉप मोजलं, शाफ्टच्या रॅकमागचा माल ओढून काढला, आणि नवे आकडे चढवले. पेमेंटचा शेवटचा हप्ता गेल्यावर त्यांचे फोन लागेनासे झाले. मग आमच्याच ऑफिसातला, बी.कॉम. झालेला पोरगा व्हिडिओ बघून, लोकांना प्रश्न विचारून शिकला. सॉफ्टवेअर मुक्त असल्याचा फायदा इथे झाला, दुसऱ्याकडे जायची मोकळीक होती आणि शिकायला सगळं उघडं होतं.

जीएसटीचं काम वेगळ्या इंडिया कम्प्लायन्स नावाच्या ॲपमधून होतं. बिल सबमिट केलं की तिथूनच आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा नंबर), क्यूआर कोड आणि ई-वे बिल. यावर फार लिहिण्यासारखं काही नाही, चालतं.

प्रॉडक्शन प्लॅनिंग आम्ही जवळजवळ वापरत नाही. पुण्याचं शेड्यूल आठवड्यात दोनदा बदलतं, त्यापुढे कुठलंही नियोजन टिकत नाही. पगाराचं ॲप आता वेगळं झालंय, ते घेतलेलं नाही, हजेरीचं यंत्र जुनं आहे. सीए साहेबांना अजूनही टॅलीच लागतं. टॅलीला नावं ठेवायचं मला काही कारण नाही, हिशेबाला ते उत्तमच आहे, आणि नुसती लेबर जॉबची चार-पाच मशिनं असतील तर चलन बुक आणि टॅली यांच्यापुढे जायची गरजही नाही. माल एकाच छपराखाली असतो तोवर डोळ्यांनी मोजता येतो. तुमचा माल एकाच वेळी फौंड्रीत, कोटिंगला, हार्डनिंगला आणि हायवेवर असेल, आणि तो कुठे आहे हे फोन करून विचारावं लागत असेल, तर मात्र बघा.

बघायला जाल तेव्हा आपलं एक खरं चलन, त्याची काट्याची पावती आणि त्याचं बिल खिशात घेऊन जा. बसवून देणाऱ्याला म्हणा, तुमचे लॅपटॉप राहू देत, हा लॉट घ्या. किलोत आणा, नगात चढवा, त्यातले दहा ब्लो होलमध्ये काढा, 100 कोटिंगला पाठवून 96 परत आणा, आणि राहिलेल्या चारांचं काय झालं ते मला दाखवा. त्याला ते तुमच्यासमोर जमलं तर कोटेशन मागा. नाही जमलं तर चहा घेऊन परत या.